डोळे धुण्याच्या नळाचे सील

प्रति,
मा. कारखाना व्यवस्थापक,
मुख्य कार्यालय, पहिला मजला.

विषय: सील क्र. ०४७ तोडल्याचा खुलासा, व नळ कायम उघडा ठेवण्याबाबत.
संदर्भ: आपली कारणे दाखवा नोटीस, दि. ९.

महोदय,

अपघाताच्या दिवशी प्लेटिंग विभागात चार टाक्या, नऊ कामगार, नऊ संरक्षक चष्मे आणि डोळे धुण्याचा एक नळ होता. चष्मे काचेच्या कपाटात कुलूपबंद होते. कपाटावर 'फक्त पाहुण्यांसाठी' अशी चिठ्ठी आहे. नळाला तारेचे सील होते. कामगार तिथे जेवणाचे डबे धुतात, या तक्रारीवरून ते गेल्या वर्षी बसवले गेले.

सकाळी दहा वाजून बारा मिनिटांनी कॉस्टिक सोड्याच्या टाकीत सुटे भाग बुडवायची जाळी निसटून पडली आणि त्या टाकीवरचे ज्येष्ठ कामगार, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, त्यांच्या डाव्या डोळ्यात द्रव उडाला. आपत्कालीन कार्यपद्धतीप्रमाणे सील काढण्यास रजिस्टरमध्ये नोंद, पाळीप्रमुखांची सही आणि स्टोअरमधली पक्कड लागते. मी पक्कड मागायला धावले. स्टोअरकीपर म्हणाले, "आधी सही आणा, ताई. नियम काही मी केलेला नाही." पाळीप्रमुख सुरक्षा सप्ताहाच्या बैठकीत होते. मागून, टाकीजवळून, काका ओरडले, "सही माझी घ्या, पण दिसतंय तोवर घ्या."

मी परत येऊन स्क्रू ड्रायव्हरने तार पिळून तोडली. कॅमेऱ्यातल्या वेळेनुसार पाणी सुरू होईपर्यंत पन्नास सेकंद गेले. त्यांतले तीस मी नियम पाळण्यात घालवले. खुलासा द्यायचाच तर मी त्या तीस सेकंदांचा देईन. सील तोडल्याबद्दल माफी मागणार नाही.

दुसऱ्या दिवशी सीलच्या जागी साधी तार गुंडाळून हीच कार्यपद्धती मी घड्याळ लावून, एकही पायरी न गाळता करून पाहिली. अकरा मिनिटे पस्तीस सेकंद लागले, आणि तेव्हा कोणाला काही झालेले नव्हते.

अपघात अहवालात 'चष्मा न वापरणे, कामगाराचा निष्काळजीपणा' असे लिहून साक्षीदार म्हणून माझी सही मागितली आहे. ती झाली की काकांना कामावरून कमी करता येते, असे मला कार्मिक विभागात सांगण्यात आले. चष्म्यांच्या कपाटाची किल्ली आपल्या टेबलाच्या खणात असते. हे वाक्य अहवालात घालावे, मी लगेच सही करते. तोवर नाही.

काल नळाला नवे सील लागले, क्र. ०४८. ते मी आज सकाळी कापले. ०४९ बसवल्यास तेही कापीन. पक्कड आता घरून आणली आहे. डब्यांसाठी पलीकडच्या भिंतीवर वेगळा नळ द्यावा. पाइप सव्वादोन मीटर लागेल, मी मोजून पाहिले आहे.

उत्तर लेखी मिळावे.

आपली, कामावर हजर असलेली,
(सही)
प्रशिक्षणार्थी रसायनतज्ज्ञ, प्लेटिंग विभाग
दि. १४

सोबत:
१. सील क्र. ०४७ व ०४८ ची तार, तुकडे चार.
२. कार्यपद्धतीच्या चाचणीतील वेळांचा तक्ता.
३. काकांचा नेत्रतपासणी अहवाल, आजचा. उजवा डोळा ६/६. डावा डोळा ६/९.