भिंतीवरचा निळा तुकडा

३ जानेवारी

अकरा दिवस पाऊस. नदीच्या दोन बांधांमधलं सगळं रान पाण्याखाली. पुलाच्या खांबावरची खूण बुडायला हातभर उरलंय — ती बुडाली की सरकार शिकार बंद करतं. म्हणून आज गावातले झाडून सगळे पुरुष बोटी घेऊन हरणांच्या शिकारीला आत गेले. ओव्हिद सोडून. आमचा नवरा ओसरीवर जाळं विणत बसला. वर्षभरात इतकी जाळी विणलीत की अख्ख्या लुइझियानातले मासे पुरायचे नाहीत.

४ जानेवारी

क्लेबेर हरणाची मांडी देऊन गेला. माझा हा भाऊ आला की घरात बोलणं होतं, नाहीतर नाही. म्हणाला, उंचवट्यावर चाळीसएक हरणं दाटीवाटीनं उभी आहेत, बोट आली तरी हलत नाहीत. "जाणार कुठं बिचारी? एक मारलं, उर्सुल, पण दुसऱ्यावर बंदूक उचलवेना. गोठ्यात शिरून गाय मारल्यासारखं वाटलं."

मग कॉफी ओतून घेता घेता सहज म्हणाला, रानातल्या आपल्या शिकारीच्या कॅम्पच्या दोन पायऱ्या बुडाल्या.

तिथल्या भिंतीवर माझ्या पोराच्या, ज्यूलच्या शर्टाचा तुकडा आहे!

५ जानेवारी

कॅम्पचा नियम जुना आहे. नेम चुकला, हरीण हातचं गेलं, की शर्टाची मागची पट्टी कापायची, तिच्यावर नाव-तारीख लिहायची आणि भिंतीला ठोकायची. थोरामोठ्यांच्या पट्ट्या आहेत तिथं. क्लेबेरच्याच सात. फक्त ओव्हिदची एकही नाही. क्लेबेर म्हणायचा, "हिच्या नवऱ्याची पट्टी लागेल त्या दिवशी मगरी चर्चला येतील."

ज्यूल अकरा वर्षांचा होता. चाळीस पावलांवरून चुकला. निळ्या चौकटीचा शर्ट, मीच शिवलेला. पाठ उघडी टाकून घरी आला, डोळ्यांत पाणी आणि तोंडात फुशारकी. तो तुकडा सोडून त्याचं आता काही उरलेलं नाही. गेल्या वर्षी तो गेला, तेव्हा त्याचे कपडे मी रागाच्या भरात वाटून टाकले.

जेवताना ओव्हिदला म्हटलं, तेवढा आणून दे. "तिथं जायचं नाही," म्हणाला. का? "नाही म्हणालो ना. तूही जायचं नाहीस." ताट सारून उठला.

६ जानेवारी

राग का, ते इथंच लिहिते. दुसरीकडे कुठं लिहू?

ओव्हिदने पहिल्या दिवशी सांगितलं तेच अजून सगळे सांगतात. पुराचं पाणी, गोळी ज्यूलची, जखमी हरीण धारेत शिरलं. बाप थांब थांब म्हणत होता, पोरानं उडी टाकली आणि बुडाला. एकोणीस वर्षांचा घोडा, आणि बापाचं ऐकायची अक्कल नव्हती. दफनाच्या दिवशीसुद्धा मी मनात त्याला शिव्याच देत होते. आई आहे मी त्याची.

७ जानेवारी

खूण बुडाली. शिकार बंद.

८ जानेवारी

क्लेबेर म्हणाला, "उद्या मी नेतो तुला. ओव्हिद रागावला तर रागावू दे, त्याचं माझ्याशी कधी बरं होतं?"

ओव्हिदचा तपकिरी शर्ट धुवायला मागितला, देत नाही. ज्यूल गेला त्या आठवड्यातला तो — दफनानंतर एकटाच कॅम्पवर गेला होता, सामान आणायला; त्यानंतर तिथं कुणीच पाऊल टाकलेलं नाही. शर्ट मागून फाटून आला. काटेरी तारेत अडकला म्हणाला. मी ठिगळ लावलं. तेव्हापासून तोच अंगात.

९ जानेवारी

आज वर्ष झालं. सकाळी चर्चमध्ये मेणबत्ती लावली. ओव्हिद आला नाही. तिथूनच क्लेबेरच्या बोटीत बसले.

झाडांमधून वल्हवत गेलो. उंचवटा आता खाटेएवढा उरलाय. त्यावर एक मादी आणि तिचं पाडस, बाकीची पाण्यात पोटापर्यंत. आमच्याकडे नुसती बघत होती. क्लेबेरने टोपी काढली. मला रडू फुटलं. वर्षात पहिल्यांदा.

कॅम्पमध्ये गुडघाभर पाणी होतं. निळा तुकडा मिळाला. कोरडा आहे. ज्यूलचं गिचमिड अक्षर, नावातली अक्षरंसुद्धा चुकवलेली.

त्याच्या शेजारी आणखी एक होता. त्याबद्दल आज लिहवत नाही.

१० जानेवारी

तपकिरी. सरळ कापलेला, सुरीने. ओव्हिदचं अक्षर —

"ओव्हिद. ९ जानेवारी. गोळी माझी. हरीण धारेत गेलं. ज्यूलला मी पाठवलं."

तो ओसरीवर जाळं विणतोय, माझ्याकडे पाठ करून. ठिगळ इथून दिसतंय.

ज्यूल, तू बापाचं ऐकलं होतंस रे.