मशीन तापेपर्यंत

बाबा,

काल तुमचा अ‍ॅम्प्लिफायर बघायला बोरिवलीहून एक गृहस्थ आले होते. जुनी यंत्रं जमवायचा त्यांना नाद आहे. घरात शिरल्यावर त्यांनी ना आईकडे पाहिलं ना माझ्याकडे, थेट कोपऱ्यातल्या तुमच्या त्या पेटीपुढे मांडी घातली, रुमालाने धूळ पुसली, मागच्या वायरी तपासल्या आणि बटण दाबलं. मी सवयीने घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "वीस मिनिटं थांबावं लागेल हं. तापल्याशिवाय काही लावायचं नसतं." ते हसले. "कोणी सांगितलं तुम्हाला? या काचेच्या व्हॉल्व्हना दोन मिनिटं पुरतात हो ताई. फार तर पाच. वीस मिनिटं म्हणजे नुसती हौस." मला काही हसू आलं नाही. डोक्यात जी तिडीक उठली ती अजून शमलेली नाही. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली, तरी या बाबतीत भांडायला मला तुम्हीच हवे आहात, म्हणून हे लिहायला बसले आहे.

दोन मिनिटं, बाबा! आणि तुम्ही आमचे किती रविवार खाल्लेत? आठवड्याचे सहा दिवस गोखिवऱ्याच्या गाळ्यात तुम्ही लोकांचे लाऊडस्पीकर जोडत होतात, आणि सातव्या दिवशी घरात या स्वतः बनवलेल्या मशीनची पूजा. सकाळी अंघोळ झाली की बटण दाबायचं, मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवायचं आणि वीस मिनिटं गप्प बसायचं. काचेच्या नळ्यांत हळूहळू लालसर उजेड धरायचा. तोपर्यंत आम्हीही गप्प. नळ हळू सोडायचा, पोळपाट आपटायचा नाही. नंदाखालहून केळी घेऊन येणाऱ्या मावशीसुद्धा आमच्या दाराची बेल वाजवायच्या नाहीत, बोटाने टकटक करायच्या आणि आत डोकावून विचारायच्या, "तापला का देव?" त्यात आपल्या भागातली वीज म्हणजे लहरी कारभार. पंधराव्या मिनिटाला लाईट जायची, अर्ध्या तासाने यायची, आणि तुमची मोजणी पुन्हा शून्यापासून. दोन-दोन तास घर श्वास रोखून बसलेलं असायचं आणि शेवटी गाणं एकच व्हायचं, कारण तोवर जेवायची वेळ झालेली असायची.

ते जाऊ दे. मशीनला इतका वेळ देणारा माणूस माणसांना किती देत होता, हा माझा प्रश्न आहे. तुमचे कान तिखट होते. गच्चीवरच्या पंपाचं बेअरिंग गेलंय हे तुम्ही तिसऱ्या मजल्यावर आडवं पडून सांगायचात. पण त्याच कानांनी तुम्ही माणसंही तपासायचात. आई इमारतीतल्या हळदीकुंकवाला गाणं म्हणून आली होती, आठवतं? बायकांनी तिला उखाण्यानंतर आग्रह करकरून गायला लावलं होतं. ती खुशीत घरी आली, आणि तुम्ही चपला काढता काढता म्हणालात, "वरचा सूर कणभर कमी पडत होता. खालपर्यंत ऐकू येत होतं." एवढंच. त्यानंतर कणीक मळताना ती गुणगुणायची ते बंद झालं. तुमच्या लक्षात तरी आलं का? तिच्या गळ्याला तापायला दोन मिनिटं द्यावीत असं तुम्हाला कधी वाटलं नाही.

आता माझ्या टेपकडे येते. मी नववीत होते. शाळेच्या स्नेहसंमेलनात मी एकटीने भावगीत म्हटलं आणि संगीताच्या बाईंनी ते टेप करून मला कॅसेट दिली. संमेलनाला तुम्ही आला नव्हतात, गाळ्यात ऑर्डर होती. मी कॅसेट पेन्सिलीने गुंडाळून बरोबर सुरुवातीला आणली आणि तुमच्यापुढे धरली. मला आपल्या छोट्या टेपरेकॉर्डरवर तिथल्या तिथे ऐकवायची होती. तुम्ही म्हणालात, "त्या डबड्यावर नको. रविवारी नीट ऐकू." तुम्हाला वाटलं असेल की तुम्ही मान देताय. मी ते चार दिवस मोजत काढले.

रविवार उजाडतो. आई मासे आणायला बाजारात गेली आहे. तुम्ही बटण दाबता, घड्याळ काढून ठेवता, कॅसेट मशीनला जोडलेल्या डेकमध्ये घालता. मी समोर स्टुलावर. तेव्हा खिडकीबाहेर उमेळ्याच्या वाड्या दिसायच्या, केळीची पानं पार भिंतीपर्यंत आलेली असायची. आता तिथे समोरच्यांचे एसी टांगलेले आहेत. दहा मिनिटं होतात. शेजारच्यांचा मिक्सर सुरू होतो, रविवारचं वाटण, आणि तुम्ही कपाळाला आठ्या घालता. पंधरा होतात. मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात जाते. आणि सतराव्या मिनिटाला लाईट जाते. पंखा थांबतो, नळ्यांमधला उजेड विझतो. मी बाहेर येते तर तुम्ही तसेच बसलेले. म्हणता, "गेली वाटतं." पेपरची घडी करून वारा घेता. थोड्या वेळाने तुम्ही पाणी प्यायला उठता, तेवढ्यात लाईट येते. मला वाटतं, झालं, आता पुन्हा वीस मिनिटं. पण तुम्ही मशीन बंद करता आणि म्हणता, "आज राहू दे. पुन्हा कधीतरी बघू."

ते पुन्हा कधीतरी आलंच नाही. एकदा राहिलं, मान्य. पण पुढच्या रविवारी? त्याच्या पुढच्या? मी कॉलेजात गेले, नोकरीला लागले, लग्न करून गेले, सगळं मोडून परत आले, तुम्ही दवाखान्यात पडलात, आणि एवढ्या वर्षांत तुम्हाला एकदाही विचारावंसं वाटलं नाही की बाई, तुझी ती टेप कुठाय? मी हे मनात धरून ठेवलं. खोटं कशाला सांगू, तुमच्या उशाशी बसून औषधं देत होते तेव्हाही धरलेलंच होतं. गाणं मी कधीच सोडलं होतं. कोणी विचारलं की सांगायचे, आमच्याकडे गाण्यापेक्षा मशीनला मान होता. लोक हसायचे.

तर काल. त्या गृहस्थांनी डेकचं झाकण उघडलं आणि म्हणाले, "अहो, यात कॅसेट राहिलीय." तीच. माझ्या अक्षरात माझं नाव, खाली 'नववी ब'. हातात घेतली आणि बघतच राहिले. मी सुरुवातीला आणून दिलेली फीत सगळीच्या सगळी उजव्या चाकावर होती. म्हणजे कोणीतरी शेवटपर्यंत वाजवली होती. मी ती आईसमोर नाचवली. "ही कोणी लावली?"

"मी कशाला लावतेय? मला कधी हात लावू दिला त्यांनी?" आई कोथिंबीर निवडत होती, तिने मान वर केली नाही. "हेच लावायचे. तू कॉलेजला गेलीस की. रजेच्या दिवशी."

"कितीदा?"

"मोजलंय कोणी! पण पुष्कळदा. मला म्हणाले होते, तिच्याजवळ बोलू नकोस."

"आणि दर वेळी वीस मिनिटं?"

"छे गं. ती टेप लगेच लावायचे. बटण दाबलं की लावलीच. तू मधेच परत आलीस तर म्हणून."

म्हणजे बघा! घरात दुसरं काही लावायचं तर वीस मिनिटं, आणि माझी टेप थंड मशीनवर! त्या क्षणी मला खरंच याचाच राग आला, काय सांगू. मग दुसरा आला. ऐकलंत ना? पुष्कळदा ऐकलंत? मग एक शब्द बोलायला काय झालं होतं? वाईट म्हणायचं होतं तर वाईट म्हणा. आईला तर चपला काढता काढता ऐकवलं होतंत. मीच काय घोडं मारलं होतं तुमचं? मी हे सगळं मोठ्याने बोलत होते, बोरिवलीचे गृहस्थ बिचारे स्क्रू पिळत खाली मान घालून बसले होते. मी त्यांना म्हटलं, फोन करून कळवते, आणि त्यांची बोळवण केली.

ते गेल्यावर आई म्हणाली, "दुसऱ्या कडव्यात वर जातेस ना तू, तिथे आवाज फाटलाय तुझा. तिथे आलं की दर वेळी म्हणायचे, पोरगी घाबरली इथे." कोथिंबिरीच्या काड्या तिने कागदात गुंडाळल्या. "सूर कमी पडला, असं नाही म्हणाले कधी."

मी आत जाऊन पडले. आज संध्याकाळी मशीन लावलं, कॅसेट मागे घेतली आणि समोर बसून लिहायला लागले. तासभर झाला असेल. नळ्या केव्हाच्या लाल झाल्या आहेत, त्या गृहस्थांच्या हिशेबाने पंचावन्न मिनिटं उगाचच. अजून मी कॅसेट लावलेली नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, तेव्हा आता सांगते. त्या रविवारी लाईट गेली नव्हती, बाबा. तो फाटलेला सूर मला संमेलनाच्या दिवशीच कळला होता. पंधरा मिनिटं झाली तशी मला वाटायला लागलं की या मशीनवर तो सबंध इमारतीला ऐकू जाईल, आणि तुम्ही आईसारखंच मलाही काहीतरी म्हणाल. मी स्वयंपाकघरात गेले आणि दारामागचा मेन स्विच खाली ओढला. खटका वाजला. शेजारच्यांचा मिक्सर चालूच होता. पंपाचं बेअरिंग ऐकणाऱ्या माणसाला यातलं काहीच ऐकू आलं नसेल, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. स्विच परत वर करायचा मला धीर झाला नाही. तो तुम्ही वर केलात, पाणी प्यायला उठलात तेव्हा.