भिंतीवरचं तुझं कपाळ

प्रिय आई,

सोमवारी प्राजूची हळद आहे, तुझ्या नातीची. तिचे पप्पा नाहीत, म्हणून थोरल्या जाऊबाईंनी गोड शब्दांत सुचवलं, "शैला, हळदीला तू जरा मागंच बस. उगं पोरीला काही नको." मी मान हलवली. तुझीच लेक ना! इथं सांगलीत घर पाहुण्यांनी भरलंय, पण तू गेल्यापासून असलं बोलू कुणाशी?

परवा प्राजूला घेऊन उंब्रजजवळच्या आपल्या गावी जाऊन आले. शाळेकडच्या गल्लीतल्या भिंती कॉलेजच्या पोरींनी आणि गल्लीतल्या बायकांनी मिळून रंगवल्यात. एका भिंतीवर सगळ्या जातींच्या बायका एकाच नळावर पाणी भरतायत. एकीवर लेक बापाच्या शेताच्या बांधावर हक्कानं उभी आहे. आणि शेवटच्या भिंतीवर तू.

दारूबंदीच्या मतदानाचा दिवस. बोटाला शाई, पदर खोचलेला, पायाशी आडवी बाटली. गावातल्या बायकांनी आडव्या बाटलीवर शिक्के मारून दुकान बंद पाडलं, तेव्हा सगळ्यांत पुढं तूच होतीस. तुला तशी बघून मला रडूच आलं गं.

प्राजू म्हणाली, "मम्मी, आज्जीच्या कपाळावर डाग कसला?"

जवळ जाऊन पाहिलं. आधी कुंकू रंगवलेलं, मग त्यावरून अंगाच्या रंगाचा हात मारलेला. रंग नीट जुळला नव्हता. मतदानाला तुझा हात धरून गेलेल्या सुमनकाकी शेजारीच उभ्या होत्या. म्हणाल्या, "पोरींना काय ठावं न्हाई. कुकू लावलं व्हतं, म्या पुसाया सांगितलं. तुजी आई लय नेमाची बाई. तिला न्हाई आवडायचं."

मायेनंच केलं त्यांनी.

आई, तुला खरंच आवडलं नसतं का? बाबांना दारूनं नेलं आणि तू त्या दुकानालाच कुलूप लावलंस. पण माझ्या हळदीला सामानाच्या खोलीत जाऊन बसलीस. हाक मारली तर आतूनच म्हणालीस, "तू हो म्होरं, मी हाय हितंच." मांडवात सगळ्यांनी मला हळद लावली, एक तू सोडून. अख्ख्या गावाशी भांडलीस, मग एवढ्यासाठी का नाही भांडलीस? मला तुझा हात हवा होता. अजून हवा आहे.

ही गोष्ट प्राजूला मी कधीच सांगितलीय. तिथंच, काकींच्या समोर तिनं विचारलं, "मम्मी, तूपण आत बसणार?" काकी खाली बघायला लागल्या.

भिंतीवरच्या कुंकवासाठी मी काकींशी भांडणार नाही. तुला आता त्याचं काय? पण सोमवारी मी आत बसणार नाही. प्राजूला पहिली हळद मी लावीन. जाऊबाई तोंड फिरवतील, फिरवू देत.

आईच्या हाताची हळद कशी लागते, ते मला माहीत नाही. प्राजूला माहीत असेल.

तुझी,
शैला