लाल गोलावर तिरकी रेघ

तीर्थरूप मावशीस,

लांबूनच साष्टांग नमस्कार. (जवळून घातला असता तर वाकलेल्या पाठीत धपाटा बसला असता. पत्र संपेपर्यंत तुलाही ते पटेल.) तुझे गुडघे काय म्हणतात? बाळंतीण ताई कशी आहे? बाळ रडतं का फार, आणि गेलंय कुणावर? माझ्यावर गेलं नसेल तर तिकडे सगळे सुखात आहेत असं धरून चालतो. इकडे आम्ही दोघं मजेत. काका ठणठणीत आहेत. जेवतात, झोपतात, औषधं वेळेवर घेतात. औषधं कसली ते पुढे येईलच, तू लगेच पानं उलटू नकोस. उभी असलीस तर बस, आणि बसली असलीस तर पाण्याचा पेला जवळ ओढ. तसं काही विशेष नाही. काका ठणठणीत आहेत.

तर झालं असं, की आमच्या खोक्यांच्या कारखान्यात मध्यंतरी एक तपासणीवाले साहेब आले. सगळीकडे फिरले, नाक मुरडलं, आणि मालकाला म्हणाले की इथे धोक्याची एकही पाटी नाही, माणसांनी कुठे काय करू नये हे कळायचं कसं? मालक घाबरला. सुपरवायझरने माझं नाव सुचवलं, कारण माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय असले तरी चित्र बरं येतं. (शाळेत तेवढ्यावरच मार खाल्ला, आठवतंय ना? मास्तरांचं चित्र हुबेहूब आलं हाच माझा गुन्हा.) मग मला डिंकाच्या टेबलावरून उठवलं आणि लाल रंग, ब्रश, पत्र्याचे तुकडे दिले. काम एकदम सोपं. लाल गोल काढायचा, त्यावर तिरकी रेघ मारायची, आणि रेघेखाली जे करायला मनाई ते. कागदाच्या गोदामावर सिगारेट. मशीनच्या वाटेवर माणूस. आणि कापायच्या मशीनसाठी हात, म्हणजे हात लावू नये. वाचता येत नसलं तरी कळतं. साहेब परत आले, खूश होऊन गेले. तिथे थांबलो असतो तर आज हे पत्र लिहायची वेळ आली नसती.

पण रंग उरला ना, मावशी! उरलेला रंग आणि रिकामा मी, हे एकत्र ठेवणं मालकाचीच चूक (असं मी तेव्हा म्हणायचो). दोन मशीनच्या मधल्या बोळात सुपरवायझर अडकतो, म्हणून तिथे पोटाची पाटी लावली, पोटावर तिरकी रेघ. वॉचमनच्या खुर्चीला मिटलेला डोळा. पॅकिंगच्या बायकांच्या डोक्यावर जीभ. त्या बायका माझ्या वरताण निघाल्या, त्यांनी ती जीभ काढून सुपरवायझरच्याच केबिनवर टांगली. कापायच्या मशीनवर जो माणूस आहे त्याला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण तो चालत नाही, पळतोच, आणि पळता पळता गातो. त्याच्यासाठी उघडं तोंड काढलं. तो हसला आणि अजून मोठ्याने गायला लागला. सगळ्यात जास्त चालली ती हाताची पाटी. माझ्या डब्यावर हात, पॅकिंगवाल्या काकूंच्या कंगव्यावर हात, पंख्याच्या खटक्यावर हात, सुपरवायझरच्या नव्या सायकलवर हात. लोक पाटी बघायचे, हसायचे, काढायचे आणि माझ्या टेबलावर फेकायचे. "घे रे, तुझी पाटी!" हे आमच्याकडे नमस्कारासारखं झालं होतं. मालकही एकदा हसला, मग काय, माझे पाय जमिनीवर राहिनात.

हसले नाहीत ते एकटे कारखान्याचे फिटर, म्हणजे आपले काका. एकदा हात धुता धुता म्हणाले, "बास आता. लोक पाटीला हसायला लागलेत." मी म्हटलं, हो काका. आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याच मिशीची पाटी काढली.

आता पाणी पी.

कापायच्या मशीनचा पट्टा सरकला. काकांची फिटरकीची पद्धत तुला माहीतच आहे, आधी खटका बंद करायचा, पाट्या आल्यापासून खटक्यावर हाताची पाटीही तारेने अडकवायची, आणि मग मशीनच्या मागे जाऊन आत हात घालायचा. सगळं तसंच केलं. भिंगरी तेवढ्यात चहाला गेला होता, तो पळत आला. मशीन बंद. खटक्यावर माझी पाटी. मागे वाकलेले काका त्याला दिसलेच नाहीत. त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि मावशी, मी त्या वेळी हसत होतो. भिंगरीला नाही गं, शेजारचा काहीतरी गंमत सांगत होता, तिला. पण तोंड भिंगरीकडे होतं. तोही हसला, पाटी ओढली, "घे रे, तुझी पाटी!" म्हणून फेकली आणि खटका दाबला. पाटी माझ्यापुढे डिंकात पडली आणि काकांचा आवाज आला. इतका मोठा आवाज काकांना आहे हे मला तोपर्यंत ठाऊकच नव्हतं.

भिंगरीने लगेच खटका पाडला, म्हणून निभावलं. उजवा हात आहे. प्लास्टर आहे. सगळी बोटं जागच्या जागी आहेत, मी स्वतः पाहिली. डॉक्टर म्हणतात, मूठ किती वळेल ते आत्ताच सांगता येत नाही.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. मालक धावत आला, पहिलाच प्रश्न, पाटी लावली होती का? भिंगरी तोंड उघडणार तेवढ्यात काका दात आवळून म्हणाले, "विसरलो." काका! जो माणूस कोपऱ्यावरून परत येऊन कुलूप ओढून बघतो तो! दवाखान्याच्या वाटेवर त्यांनी आम्हा दोघांना दटावलं, की खरं सांगितलंत तर दोघंही घरी बसाल, भिंगरीच्या घरी खाणारी तोंडं आहेत, आणि तुझ्या मावशीला मी काय तोंड दाखवू, तिच्या बहिणीचं पोर मीच कामाला लावलं. त्यावर मालकाने निकाल दिला, की पाटी विसरणारा फिटर मशीनजवळ नको, हात बरा झाला की गेटवर बसायचं. त्यांची हत्यारांची पेटी नव्या फिटरला दिली. काका नुसते बघत राहिले. मी बाजूलाच होतो, मलाही बघावं लागलं.

घरी आल्यावर वाटलं होतं, आता ओरडतील. ओरडत नाहीत, मावशी. मी शर्टाची बटणं लावून देतो, भात करकरीत होतो तो गिळतात, आणि "मीठ दे" सोडून काही बोलत नाहीत. मी त्यांना हसवायला दोनदा नक्कल केली. त्यांनी कूस बदलली. तू शिव्या देतेस ना, ते परवडतं गं.

बाकी सर्व क्षेम. ताईला नमस्कार, बाळाला गोड पापा. काळजी करू नकोस (कर, पण तिकडेच कर).

तुझा,
तू ज्याला कार्टा म्हणतेस तोच

ता. क. मावशी, एक काम होतं, खरं तर पत्र त्यासाठीच. काकांनी मला तोंड न उघडायची शपथ घातलीय, आणि ती नेमकी तुझी. माझी घातली असती तर कधीच मोडली असती, आमचं घराणं तसं भित्रं नाही. पण तुझी आहे म्हणून जीभ अडकलीय. तू फक्त चिठ्ठीवर 'शपथ सुटली' एवढं लिहून पाठव, म्हणजे मी मालकाकडे जातो. सही ठळक कर.

ता. क. दुसरा. यातलं काही तुला कळवायचं नाही असंही काका म्हणालेत. तेव्हा तुला काही माहीत नाही.

ता. क. तिसरा. पत्र पेटीत टाकायला निघालो, पण पाय आधी मालकाच्या केबिनकडे वळले. सगळं सांगून टाकलं. माझ्या मागे भिंगरीही येऊन उभा राहिला, आयुष्यात पहिल्यांदाच चालत आला. त्याला ताकीद मिळाली, मला घरचा रस्ता. पण जाण्याआधी मालकाने मला माझ्या सगळ्या पाट्या उतरवायला लावल्या, फक्त खऱ्या ठेवल्या, आणि नव्या फिटरकडून काकांची पेटी परत आणवली. म्हणजे ते 'शपथ सुटली' तू मागची तारीख टाकून पाठव. घरी येऊन काकांना सांगितलं. त्यांनी डाव्या हाताने पाठीत असा धपाटा घातला की दिवे दिसले, आणि तोंडभरून शिव्या दिल्या. म्हणाले, "हा अर्धाच. उजव्याची मूठ वळू दे, मग राहिलेला देतो." मी रोज सकाळी विचारतो, काका, वळते का?