वाऱ्याचा चुकलेला आकडा

हायडेलबर्ग, १० फेब्रुवारी

अण्णा, लेकीचा इथूनच पाया पडून नमस्कार.

मी बरी आहे. थंडी लई आहे, पण खोली उबदार आहे. दोन्ही वेळा जेवते. फोनवर आई ऐकते, म्हणून हे कागदावर लिहितेय.

कोवळ्या ताऱ्यांतून सुटणारा वारा किती तापलेला असतो, ते आम्ही त्याच्या उजेडातल्या दोन रंगांवरून मोजतो. माझा आकडा इथल्या माझ्या सरांनी त्यांच्या लेखात घातला होता. गुरुवारी कळलं, तारा आणि आपल्यामधल्या धुळीनं एक रंग जास्त मंद दिसतो, तो हिशेब मी धरलाच नव्हता. चार दिवस ती चूक मनातच ठेवली. काल बैठकीत उभं राहून सगळ्यांना सांगितलं.

सर म्हणाले, "लेख थांबवू. तू पुन्हा मोज." रागावले नाहीत. पण जूनमध्ये माझी नेमणूक संपते, त्यानंतर मला ठेवतील का, ते बोलले नाहीत.

अण्णा, औरंगपुऱ्यातल्या डॉक्टरांकडून आईच्या गाठीचा रिपोर्ट आला असेल. मी विचारलं की तुम्ही "समदं ठीक हाय" म्हणता आणि लगेच सोमनाथदादाकडे फोन देता. काय असेल ते खरं लिहा. मीही तुमच्यापासून काही लपवलं नाही.

तुमची,
संस्कृती