शेगडीवरची मच्छरदाणी

आई, तू मच्छरदाणी काढलीस तेव्हा धाकटा तिच्यात बसून खेळत होता. घरात ती एकच होती, तू हातानं शिवलेली, आणि ती त्याची होती. तो लहान होता, आम्ही मोठे. तू नाड्या सोडल्यास, घडी घातलीस आणि मला म्हणालीस, चप्पल घाल. बाबांनी काही विचारलं नाही. तू नर्स होतीस; दवाखान्यातून आलीस की घरातली एखादी वस्तू बाहेर जायची, याची त्यांना सवय होती.

आपण गेलो ती वस्ती लकडगंजच्या लाकडाच्या टालांमागे होती. मलेरिया संपला असं सांगून झालं होतं आणि तो परत आला होता. आरा मशीनवाले आगीच्या भीतीनं टाक्या भरून ठेवत, त्या टाक्यांत डास वाढत. ज्या घरी गेलो तिथल्या सुनेचं पहिलं मूल तुझ्याच हातांनी जगात आलं होतं आणि तापानं गेलं होतं. आता त्याच सुनेला मुलगी झाली होती. फवारणीवाले येऊन गेले होते. पण त्यांच्यामागून सासूनं बाळंतिणीसाठी खोली भिंतींसकट नव्यानं सारवली, आणि औषध शेणामातीखाली गेलं. दवाखान्यात गोळ्या होत्या, मच्छरदाण्या नव्हत्या. तू आपली बांधलीस, बाळंतिणीला समजावलंस, आणि आपण घरी आलो.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला आपण पुन्हा गेलो. मी दारातच थांबते. आत बाळंतिणीची बाज, बाजेखाली शेकाची शेगडी, आणि त्या सगळ्यावर आपली मच्छरदाणी, जमिनीपर्यंत सोडलेली. निखारे लाल आहेत. त्यांच्याजवळची कड तपकिरी झाली आहे. वर बाळ आणि त्याची आई दोघी झोपलेल्या. तू ओरडत नाहीस. गुडघ्यांवर बसतेस, एका हातानं कड वर धरतेस, दुसऱ्या हातानं पदर गुंडाळून शेगडी बाहेर ओढतेस. मग उभी राहतेस.  

सासू म्हणाली, "शेक बंद करून राहिल्या काय, बाई? सून वातानं गेली तं तुमची मच्छरदानी येईन काय पोरीले पाजाले?"

शेक बंद करू नका, असं तू सांगितलंस. दिवसाउजेडी करा, मच्छरदाणी वर टाकून. अंधार पडायच्या आत शेगडी बाहेर, बाजेवर गोधडी, आणि तिच्याखाली मच्छरदाणीची कड चारी बाजूंनी खोचलेली. शेक लागावा म्हणून बाजेच्या दोऱ्यांवर काही अंथरलेलं नव्हतं, पण त्याच दोऱ्यांमधल्या भोकांतून डासही येत. म्हातारी ऐकत होती. बाळंतीण जागी झाली होती. तिनं सासूकडे पाहिलं नाही, बाळाला जवळ ओढलं आणि गोधडी मागितली. म्हातारीनं ती आणली, पण बाजेवर टाकताना तुला विचारलं, "अन् तुमचं पोरगं काहात निजते मंग?"

"त्याचं मी पाहीन, मावशी."

"पाहा बाप्पा. आमचं पाहू पाहू तुमचं राहून जाईन."

त्यानंतर तू रोज संध्याकाळी जायचीस. म्हातारी ऐकेल यावर तुझा विश्वास नव्हता. मी बरोबर असायचे. कड नीट खोचली आहे का, ते बाजेभोवती फिरून बघायचं काम माझं होतं. घरी परतताना तू भरभर चालायचीस. धाकट्याला तू पायघोळ कपडे घालायचीस, खोलीत कडुनिंबाचा धूर करायचीस. धूर विरला की तो पाय खाजवायचा.

मग त्याला हुडहुडी भरली. दोन रजया टाकल्या तरी दात वाजत होते. तू बोटातून रक्त घेतलंस, काचेवर पसरलंस आणि अहवालाची वाट न बघता गोळी कुटून गुळात दिलीस. त्यानं ती ओकून टाकली. तू दुसरी कुटलीस. बाबा तेव्हा पहिल्यांदा बोलले, "जा आणि ती घेऊन ये."

तू म्हणालीस, "याला गोळी देता येते. ते बाळ महिन्याचंही नाही अजून."

"हा माझा मुलगा आहे."

"माझाही आहे," तू म्हणालीस, आणि संध्याकाळ होताच त्याला बाबांच्या मांडीवर देऊन निघालीस. मला हाक मारलीस. मी आले नाही. तू एकटी गेलीस.

एका दिवसाआड ताप येत राहिला. मग थांबला. धाकटा वाचला. ती मुलगीही वाचली. पुढे टालाजवळच्या शाळेत जाताना मला दिसायची, तेलानं चोपडलेल्या दोन वेण्या घातलेली, बडबडी. बाबांनी तो विषय पुन्हा काढला नाही. तूही नाही.

आता तू नाहीस, बाबाही नाहीत. कुणी तुझ्याबद्दल विचारलं की मी हीच गोष्ट सांगते आणि शेवटी म्हणते, आई बरोबर होती. ऐकणारे मान हलवतात. तेच वाक्य इथे तुला उद्देशून लिहायला बसले होते. सकाळपासून तेवढं एकच लिहायचं राहिलं आहे, आणि ते मला लिहिता येत नाही.