एक्केचाळीस नंबरचा स्वयंपाक

सोमवार, ३

धाकटे, कशी आहेस? कंबर आता वाकू देते का, की अजून काठीला धरून उठतेस? तुझ्या घरधन्यांचा खोकला बसला का? थोरल्याचा हात प्लास्टरमधून सुटला का? आणि तुझी नात, माझी चिमी? पडलेल्या दाताच्या जागी नवा डोकावला की नाही? रोज चार ओळी या वहीत लिहीन आणि महिनाअखेरीला वहीच तुला पाठवीन. समोर बसून बडबडतेय असं समज.

मी सुखरूप पोचले. नोकरी जंतूंच्या प्रयोगशाळेत, तिथल्या स्वयंपाकघरात. हसू नकोस. सव्वीस वर्षं वसतिगृहातल्या पोरींना वाढलं, आता जंतूंना वाढायचं. पोरी मीठ कमी म्हणून नाकं मुरडायच्या, हे बिचारे दिलेलं गपगुमान खातात.

खोली प्रयोगशाळेच्या वरच आहे. खिडकी मोठी, नळाला पाणी भरपूर. चिमी तीस तारखेला सुट्टीला येणार म्हणून दुसरी गादी आत्ताच मागून घेतली.

बुधवार, ५

काम अंगवळणी पडतंय. साखर, मीठ, मांसाचा अर्क, यीस्टची पूड वजन करून पाण्यात घालायची. घट्ट हवं असेल तर अगार घालायचं, समुद्री शेवाळापासून करतात, गार झालं की थिजतं. मग सगळं ऑटोक्लेव्हमध्ये. तो म्हणजे कपाटाएवढा प्रेशर कुकर, शिट्टी मात्र नाही. मी कान टवकारून वाट बघत बसते आणि चष्मा हसतो. चष्मा म्हणजे इथला तंत्रज्ञ, चाळिशीचा आहे. मला आजी म्हणतो आणि माझ्या डब्यावर डोळा ठेवतो.

इथल्या मुख्य शास्त्रज्ञ मॅडमनी आपणहून सगळं समजावलं. एका वाळक्या गवताच्या मुळावर त्यांना एक जंतू सापडला, नंबर एक्केचाळीस. तो मुळाशी घातला की रोप तीन आठवडे पाण्यावाचून हिरवं राहतं. वाढत नाही, सुकत नाही, नुसतं थांबतं. जमलं तर कोरडवाहू शेतीचं भलं होईल. एकच कोडं त्यांना सुटत नाही. असं रोप साध्या रोपाजवळ ठेवलं की ते त्याच्याकडे झुकतं आणि पानाला पान लागलं की दुसरंही थांबतं. एकटं ठेवलं तर मरतं. चष्मा म्हणाला, आजी, तुमच्यासारखंच आहे ते, पंगतीशिवाय जेवण जात नाही.

शनिवार, ८

आज चूक झाली. हात लावीन तिथे सवय आडवी येते. पातेलं उतरवण्याआधी बोट बुडवून चव बघायची, ही सव्वीस वर्षांची खोड. टेबलावर दोन चंबू होते, रंग सारखाच. विचार करायच्या आत बोट जिभेवर गेलं. चव जराशी गोड, जराशी मातीची. मग चिठ्ठी वाचली. ताजं खाद्य शेजारच्या चंबूत होतं. मी चाखलं त्यात एक्केचाळीस नंबर चार दिवस वाढला होता.

तोंडात काही गेलं तर त्याच क्षणी सांगा, असं मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मी चूळ भरली आणि गप्प बसले. या वयात पुन्हा कोण नोकरी देणार? खोली गेली तर चिमी येणार कुठे?

मंगळवार, ११

थकवा आहे, पण वाईट नाही. उन्हातून आल्यावर सावलीत टेकावं तसा. गुडघे दुखायचे थांबले. भूकही थांबली. तीन दिवस डबा चष्म्यालाच देतेय. तो खूश. चव बघून, ढवळून, प्रेमाने भरते. बोट चाटायची खोड काही जात नाही.

शुक्रवार, १४

चष्म्याने आज विनोद केला नाही. डबाही उघडला नाही. भूक नाही म्हणाला, पण जवळ बसू का म्हणून विचारलं. बाकावर बसलो. मॅडम रागवायला आल्या आणि त्याही बसल्या. माझ्या हातचा चहा त्याही पितात ना रोज. भानावर आलो तेव्हा दुपारची संध्याकाळ झाली होती. तिघांचे खांदे एकमेकांना टेकलेले. कुणीच आधी उठेना.

सोमवार, १७

सुरीने बोट कापलं. रक्त येईना. किती वेळ बघत उभी होते. मग आलं ते पातळ, पांढरट.

मॅडमना सगळं सांगितलं, चव घेतल्याचंही. त्या रागावल्या नाहीत. बरं झालं म्हणाल्या. आणि माझा हात धरून ठेवला.

धाकटे, चिमीला पाठवू नकोस. लगेच पत्र लिहिते.

मंगळवार, १८

पत्र टाकायच्या आधी वाचलं म्हणून वाचलात. येऊ नका असं लिहिलं होतं, मला पक्कं आठवतंय. कागदावर होतं, लवकर या, सगळे या. अक्षर माझंच. फाडलं.

दुसरं लिहिलं. तेही तसंच.

वहीत अजून खरं उतरतंय. म्हणून आता वहीच पाठवायची. महिना संपायची वाट नको.

गुरुवार, २०

वही टपालात टाकायलाही खाली गेले नाही, गेले तर त्या दोघांजवळच बसेन. दाराला आतून कडी लावली आहे. एकटं ठेवलं की मरतं — ठाऊक आहे मला. मरू दे. म्हातारं हाड, काय बिघडलं. चिमी नऊ वर्षांची आहे.

बाहेर दोघं दाराला टेकून उभे आहेत. बोलत नाहीत. मला त्यांच्या खांद्यांची ऊब कळते, लाकडातून —

फार दमले गं.

शुक्रवार, २१

हात पिवळा पडलाय. त्वचा कागदासारखी —

दाराशी कधी आले? खिडकीजवळ होते मी. गाल दाराला —

चिमीला नको. चिमीला नको. हे पान फाडू नका, माझ्या हातांनो —

शनिवार, २२

कडी काढली. किती बरं वाटलं. उगाच जिवाला घोर लावून घेतला होता, तूही मनावर घेऊ नकोस. मागची पानं तापातली समज.

गादीला ऊन दाखवलं आहे. तीस तारीख कशाला, वही मिळाली की लगेच निघा. सगळेच या, माझ्या हातचं जेवून किती दिवस झाले तुम्हाला. वही आजच्या टपालात टाकते. पाकीट जिभेनेच नीट चिकटवीन, वहीचं प्रत्येक पान जिभेवर ओल्या केलेल्या बोटाने सोडवून ठेवलंय, म्हणजे चिकटलेली पानं तुम्हाला सोडवत बसावं लागणार नाही. पाकीट चिमीलाच फोडू दे. आणि उत्तर लवकर लिही गं, आम्ही तिघं दाराशी वाट —